डायल फिरते, पण ऐकतं कोण?

निकॉनच्या 'झेड एफ' कॅमेऱ्याच्या माथ्यावर तीन पितळी डायली आहेत. डावीकडे आयएसओची, उजवीकडे शटर स्पीडची आणि तिच्या पलीकडे एक्स्पोजर कमी-जास्त करण्याची छोटी. आकडे कोरलेले, कोरलेल्या जागेत रंग भरलेला. फिरवली की प्रत्येक टप्पा बोटाला कळतो. आणि कॅमेरा बंद असला तरी ते आकडे वाचता येतात. या शेवटच्या गोष्टीसाठी मी हा कॅमेरा हातात घ्यायला उतावीळ होतो. माझी सगळ्यात मोठी हरकतही याच गोष्टीवर आहे.

मैत्रिणीने तिचा कॅमेरा वापरायला दिला, तेव्हा तिने एकच गोष्ट सांगितली, "मेनूत शिरू नकोस, आधी वरून बघ." तिचं म्हणणं ऐकलं, बरं झालं.

आधी कौतुक करतो, कारण ते मनापासून आहे. आजच्या बहुतेक डिजिटल कॅमेऱ्यांवर दोन निनावी चाकं असतात. एक बोटाशी, एक अंगठ्याशी. त्यांच्यावर काहीच लिहिलेलं नसतं, कारण तेच चाक आत्ता शटर असतं, मघाशी ॲपर्चर होतं आणि एखादं बटण दाबलं की आयएसओ होतं. त्यामुळे आधी कॅमेरा जागा करायचा, डोळ्याला लावायचा, आतले आकडे बघायचे आणि मग बदलायचे. तोवर समोरच्या माणसाने मान फिरवलेली असते. डायलींच्या कॅमेऱ्यात हा क्रम उलटा होतो. रस्त्यात चालतानाच ठरतं, की इथे ऊन आहे, १/५०० पुरे. आत शिरलो की १/६० वर यायचं. बोटं आपलं काम करत राहतात. कॅमेरा डोळ्याला लागतो तेव्हा निम्मा विचार झालेला असतो आणि डोळा फक्त माणसं बघायला मोकळा असतो.

रोलच्या दिवसांत खोक्यावर उन्हा-सावलीचा तक्ता छापलेला असे. कडक ऊन असेल तर एफ-१६ आणि शटर रोलच्या आयएसओच्या जवळपास. म्हणजे १०० च्या रोलला १/१२५. ढगाळलं की ॲपर्चर एकेक टप्पा उघडत जायचं. हा तक्ता एकदा मनात बसला, की मीटर नसला तरी अडत नसे. तो मनात बसायचा, कारण कॅमेऱ्यावरचे आकडेच तो शिकवायचे. शटरच्या डायलवर १/६०, १/१२५, १/२५०, १/५००: दर टप्प्याला प्रकाश निम्मा. ॲपर्चरच्या रिंगवर २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६: तिथेही दर टप्प्याला निम्मा, कारण भोकाचा व्यास १.४ पटीने घटला की क्षेत्रफळ अर्ध्यावर येतं. आयएसओ १००, २००, ४००, ८००: इथे दर टप्प्याला दुप्पट. तिन्ही हिशेब एकाच मापाचे. इथे एक टप्पा दिला तर तिथून एक टप्पा घ्यायचा. फोटोग्राफीचं अर्धं शिक्षण एवढंच आहे, आणि ते डायलवर उघड लिहिलेलं असतं. म्हणून एकेकाळी शिकणाऱ्यांच्या हातात पेंटॅक्स के-१००० किंवा निकॉन एफएम-१० असायचा. ते कॅमेरे स्वस्त होते हे खरंच, पण त्यांच्यात लपवाछपवीला जागाही नव्हती.

झेड एफचं रूप निकॉनच्या एफएम-२ वरून घेतलं आहे. एफएम-२ आला १९८२ मध्ये. १/४००० सेकंदाचं शटर हा त्याचा तेव्हाचा मोठा पराक्रम. त्यासाठी शटरची पाती टायटॅनियमची केली होती आणि षटकोनी नक्षी कोरून ती हलकी केली होती. बॅटरी लागे ती फक्त लाइट मीटरला. सेल संपले तरी शटर आपल्या प्रत्येक वेगाला चालत असे. डायलखाली दातेरी चाकं, स्प्रिंगा आणि तरफा होत्या. डायल १/२५० वर आणली म्हणजे आतले भाग खरोखर त्या जागी जात. स्टीव्ह मॅककरीने १९८४ मध्ये पेशावरजवळच्या निर्वासित छावणीत हिरव्या डोळ्यांच्या अफगाण मुलीचा फोटो काढला, तो याच मॉडेलवर. पुढच्या वर्षी जूनमध्ये तो 'नॅशनल जिओग्राफिक'च्या मुखपृष्ठावर आला आणि जगभर गेला. उन्हातान्हात, धुळीत, बॅटरीचा भरवसा नसलेल्या ठिकाणी जाणाऱ्या माणसांनी हा कॅमेरा गळ्यात का घातला, हे समजायला त्याची जाहिरात वाचावी लागत नाही.

एफएम-२ मध्ये डायल हेच यंत्र होतं. झेड एफमध्ये डायल निरोप्या आहे. ती प्रोसेसरला जाऊन सांगते, 'साहेबांनी १/२५० म्हटलंय', पुढचं प्रोसेसर बघतो. निरोप्या असायला माझी काही हरकत नाही. इलेक्ट्रॉनिक शटरच्या युगात डायलला दातेरी चाकं कुठून जोडणार? अपेक्षा एवढीच, की निरोप पोचावा आणि पोचल्यावर पाळला जावा.

इथेच गाडी घसरते.

आयएसओच्या डायलखाली एक छोटी लिव्हर आहे: ऑटो, पी, एस, ए, एम. ती 'ए' वर ठेवली, म्हणजे ॲपर्चर तुम्ही ठरवायचं आणि शटर कॅमेऱ्याने. ठीक आहे, उपयोगी सोय आहे. पण तेव्हा शटरची डायल काय करते? काहीच नाही. ती जिथे असेल तिथे असते. डायलवर १/४००० असतं, खोलीत अंधार असतो, कॅमेरा १/३० ला फोटो काढतो, आणि डायल कोरलेल्या अक्षरांत, रंग भरून, १/४००० च म्हणत राहते. लिव्हर ऑटोवर नेली की आयएसओच्या डायलचीही तीच गत. मेनूत ऑटो आयएसओ चालू राहिलं असेल तर डायलवर ४०० आणि फोटोत ३२०० असंही होतं. शिवाय शटरच्या डायलवर '१/३ स्टेप' अशी एक जागा आहे. डायल तिथे नेली की शटरचा कारभार पाठीमागच्या निनावी चाकाकडे जातो. म्हणजे एकाच निर्णयाचे दोन-दोन मालक, आणि आत्ता कोणाची सत्ता आहे हे वरून बघून कळायची सोय नाही. वरून बघून कळावं, यासाठीच तर डायली होत्या!

हे किरकोळ वाटत असेल तर १९८५ सालाकडे बघा. त्या वर्षी मिनोल्टा ७००० आला. ऑटोफोकस अंगातच बसवलेला, खऱ्या अर्थाने चाललेला पहिला एसएलआर. त्याने शटरची डायल काढून टाकली आणि जागी बटणं बसवली. १९८६ मध्ये कॅननच्या टी-९० ने शटरच्या बटणामागे एक चाक आणि उजव्या खांद्यावर एलसीडीची खिडकी दिली. आजचे जवळजवळ सगळे कॅमेरे त्याच घराण्यातले. जुन्या कॅमेऱ्यांचे भक्त या दोघांना खलनायक ठरवतात. मला ते पटत नाही. कॅमेरा स्वतः शटर ठरवू लागला, तेव्हा डायलवरचा कोरलेला आकडा खोटा ठरायला लागला होता. त्या अभियंत्यांनी खोटी पाटी उतरवली आणि तिथे खरं सांगणारी खिडकी लावली. तो प्रामाणिक निर्णय होता. तेव्हा डायल परत आणायची तर ज्या कारणाने ती गेली ते कारण आधी मिटवायला हवं. ते न मिटवता डायल परत आणली, तर तिच्यासोबत तो खोटेपणाही परत येतो.

तो मिटवता येतो. फुजीफिल्मने एक्स-१०० हा कॅमेरा २०१० मध्ये दाखवला आणि २०११ मध्ये विकायला आणला. त्यात मोडची लिव्हर नाही, मोडची डायलही नाही. शटरच्या डायलवर आकड्यांच्या रांगेतच एक 'ए' आहे. लेन्सच्या रिंगवरही एक 'ए' आहे. शटर 'ए' वर नेलं की ते कॅमेऱ्याचं. आकड्यावर नेलं की तुमचं. ॲपर्चरचंही तसंच. दोन्ही 'ए' वर म्हणजे सगळं कॅमेऱ्याचं, दोन्ही आकड्यांवर म्हणजे सगळं तुमचं. लहान मुलालाही एका वाक्यात समजावता येईल अशी रचना. डायल कधीच खोटं बोलत नाही, कारण 'मला माहीत नाही, कॅमेऱ्याला विचारा' असं म्हणायची जागा तिच्यावरच आहे.

आणि ही फुजीची अक्कल होती असंही नाही. निकॉनचाच एफई हा कॅमेरा १९७८ मध्ये आला होता. त्याच्या शटर डायलवर आकड्यांच्या टोकाला 'ऑटो' लिहिलेलं होतं. घरातच उत्तर होतं! मग १९८३ च्या एफए मध्ये निकॉनने पी-एस-ए-एम मोड निवडायची सोय आणली आणि आज झेड एफमध्ये नेमका तोच वारसा उचलला. आजोबांच्या दोन सवयी असतील तर नातवाने चांगली कोणती ते बघून घ्यावी.

ॲपर्चरची गोष्ट याहून वाईट आहे. १९५९ च्या निकॉन एफपासून पुढची चाळीसेक वर्षं निकॉनच्या लेन्सवर आकडे लिहिलेली ॲपर्चर रिंग होती. डावा हात लेन्सखाली, अंगठा आणि बोट रिंगवर. बघायचीही गरज नाही, टप्पे मोजले की झालं. झेड एफबरोबर किटमध्ये मिळणारी ४० मिलिमीटर एफ-२ 'एसई' लेन्स दिसायला त्याच काळातली आहे. खाचाखाचांची जुनी रिंग आहे, रंगरूप सगळं आहे. फक्त आकडे नाहीत. त्या एकाच रिंगला फोकसचं काम द्या, नाहीतर मेनूत जाऊन ॲपर्चरचं द्या. पण ती कुठे उभी आहे हे ती सांगू शकत नाही, कारण ती कितीही वेळा गोल फिरते. एफ-नंबर दिसतो तो माथ्यावरच्या नखाएवढ्या खिडकीत, कॅमेरा चालू असेल तेव्हा. तीन भावंडांपैकी दोघांना पितळी गादी आणि तिसऱ्याला खिडकी. आणि हे तिसरं भावंड म्हणजे फोटोचा स्वभाव ठरवणारं. मागची गर्दी विरघळवायची की दाखवायची, हे ॲपर्चर ठरवतं. ज्याच्यावर हात सतत असायला हवा तेच हातातून काढून घेतलं.

जपानमधल्याच कोसिना कंपनीने हे करून दाखवलं आहे. तिच्या फोक्टलेंडर नावाच्या लेन्स निकॉनच्या झेड माउंटसाठी मिळतात. त्यांच्यावर खरीखुरी ॲपर्चर रिंग आहे, आकडे आहेत, आणि विजेचे संपर्कबिंदू असल्यामुळे कॅमेऱ्यालाही आकडा कळतो. म्हणजे तंत्र अडलेलं नाही, इच्छा अडलेली आहे.

मैत्रिणीच्या घरी एक जुनी ५० मिलिमीटरची एआय-एस लेन्स होती, तिच्या वडिलांची. ॲडॉप्टर लावून ती झेड एफवर चढवली आणि एकदम सगळं जागेवर आलं. रिंगवर आकडे, डायलवर आकडे, लिव्हर 'एम' वर. हा कॅमेरा अशा जुन्या, हाताने फोकस करायच्या लेन्सलाही डोळा ओळखून दाखवतो. समोरच्याच्या डोळ्यावर चौकट येते, एक बटण दाबलं की तेवढाच भाग मोठा दिसतो, आणि मग बोटाने फोकस बसवायचा. १९८२ च्या माणसाला हे मिळालं असतं तर त्याने ते देवाचं देणं समजलं असतं. नवं तंत्र जुन्या हाताच्या कामाला लावलं की असं होतं. हा कॅमेरा मला सगळ्यात जास्त आवडला तो याच क्षणी, आणि तो क्षण येण्यासाठी दुसऱ्याच पिढीची लेन्स लागली.

शटरच्या डायलखालच्या लिव्हरवर मात्र माझा जीव जडला. तिला तीन जागा आहेत: फोटो, ब्लॅक अँड व्हाइट, व्हिडिओ. पहिल्यांदा मला तो शोभेचा प्रकार वाटला. रंग नंतरही काढता येतो, लिव्हर कशाला? मग कॅमेरा घेऊन पुण्याच्या मंडईत गेलो. १८८६ मध्ये खुली झालेली ती दगडी इमारत, मधोमध अष्टकोनी मनोरा, आणि सकाळी आत तिरपा येणारा उजेड. लिव्हर सरकवली आणि व्ह्यूफाइंडरमधलं सगळं जग काळंपांढरं झालं.

पहिला धक्का बसला तो टोमॅटोंचा. टोमॅटोचा ढीग आणि शेजारी मेथीच्या जुड्या. डोळ्याला याहून ठसठशीत जोडी नाही. व्ह्यूफाइंडरमध्ये दोघे एकाच करड्या रंगात मिसळून गेले होते. लाल आणि हिरवा सारखेच उजळ असतील तर काळ्यापांढऱ्यात त्यांच्यात भेद उरत नाही, हे वाचलेलं होतं. समोर घडताना बघणं वेगळं. मग मेनूतून लाल फिल्टरचा परिणाम दिला. टोमॅटो उजळले, मेथी काळपटली, ढीग पुन्हा वेगळे झाले. जुने लोक लेन्सपुढे खरी लाल काच लावून हेच करत. नंतर संगणकावर हेच करायला बसलो असतो तर आकडे सरकवले असते आणि उठलो असतो. इथे उभ्याउभ्या कळलं की कुठे उभं राहायचं. रंगाने जागा सांगणं बंद केल्यावर डोळा उजेडाच्या मागे गेला: तराजूच्या पितळी ताटलीवरची चमक, कांद्याच्या सालीची घडी, पोत्याच्या विणीवरून घसरत जाणारा उजेड. रॉ फाइल काढत असाल तर रंग आत शाबूत असतो, त्यामुळे गमावायचं काही नाही. पण बघणं बदलतं. एका लिव्हरने एवढं केलं, म्हणून तिला तिची जागा मिळायलाच हवी. ती लिव्हर मेनूच्या पाचव्या पानावर असती तर मी मंडईत ती कधीच चालू केली नसती.

तिथेच एका मावशींनी विचारलं, "रोलचा कॅमेरा का हो दादा?"

"नाही मावशी, कार्डाचाच आहे."

"मग असा कशाला केलाय?"

याहून चांगला प्रश्न मी कुठल्याच परीक्षणात वाचला नाही. उत्तर मंडईतच होतं. वजन डिजिटल काट्यावर करतात, आकडा समोर लाल दिव्यांत, गिऱ्हाईकालाही दिसेल असा. काटा नवा आहे, पण व्यवहार उघडा आहे. कॅमेऱ्यालाही हीच कसोटी लावा. पितळ आणि काळी कातडी यांना मी भुलत नाही असं नाही. झेड एफ देखणा आहे. पण असा केला असेल तर दाखवायला आणि पाळायला केलेला असावा.

ज्या गोष्टी पाळायच्या नाहीत त्यांचंही नाटक आता सुरू झालं आहे. फुजीफिल्मनेच २०२५ मध्ये 'एक्स हाफ' नावाचा छोटा कॅमेरा आणला. त्यावर रोल पुढे ढकलायची लिव्हर आहे. रोल नाही, लिव्हर आहे. ती ओढली की दोन फोटो एका चौकटीत शेजारी येतात. आणखी एक मोड आहे, त्यात ठरावीक फोटो संपेपर्यंत काढलेलं काही बघता येत नाही, आणि मग फोनवरच्या ॲपमध्ये ते 'डेव्हलप' होतात. ज्याला मजा वाटते त्याने जरूर घ्यावा. मला तो अपमान वाटतो, रोलवर काम केलेल्या लोकांचा. त्यांना फोटो लगेच बघता येत नव्हता ही त्यांची अडचण होती. ती अडचण पचवून ते नेमके झाले. अडचण विकत घेऊन नेमकेपणा येत नाही. हीच लिव्हर एप्सनच्या आर-डी१ या २००४ च्या कॅमेऱ्यावरही होती. पहिला डिजिटल रेंजफाइंडर कॅमेरा, सहा मेगापिक्सेलचा. तिथे लिव्हर ओढल्याशिवाय शटर चढतच नसे. तिला काम होतं. म्हणून वीस वर्षांनंतरही तिच्याबद्दल आदराने बोलावंसं वाटतं.

बाकीच्या तक्रारी पटकन सांगतो. पुढचा भाग सपाट आहे, पकड नाही. बॅटरीसकट ७१० ग्रॅमचं हे वजन लहान लेन्सबरोबर ठीक वाटतं, पण मोठी झूम लावली की मनगट बोलू लागतं. दोन कार्डं बसतात, त्यातलं एक मायक्रोएसडी, तेही बॅटरीच्याच झाकणाखाली, नखाने उकरून काढायचं. भारतात आला तेव्हा नुसत्या बॉडीला पावणेदोन लाखांच्या घरात पैसे मागणाऱ्या कॅमेऱ्यात ही काटकसर शोभत नाही. चित्र मात्र उत्तम. २४.५ मेगापिक्सेलचा फुल फ्रेम सेन्सर, हात हलला तरी सावरून घेणारी यंत्रणा, अंधारातही न घाबरणारा ऑटोफोकस. या बाबतीत वाद घालायला जागा नाही आणि मला घालायचाही नाही.

एक दुखरी गोष्ट मात्र आहे. एफएम-२ चं रूप घेतलं, त्याचं आयुष्य घेता आलं नाही. मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारात कॅमेऱ्यांच्या दुकानांच्या रांगा आहेत. तिथे यांत्रिक कॅमेरा उघडून, तेल-धूळ साफ करून, शटर पुन्हा वेळेवर आणणारे हात वर्षानुवर्षं काम करत आले. निकॉनने एफएम-२ सुमारे वीस वर्षं बनवला आणि आजही वापरात असलेले नग सहज सापडतात. झेड एफच्या आत सर्किट बोर्ड आहेत. बोर्ड गेला की नवा बोर्ड, आणि बोर्ड मिळेनासा झाला की पितळी डायली असलेलं पेपरवेट. याला एकटी निकॉन जबाबदार नाही, सगळाच डिजिटल धंदा असा आहे. पण जुन्याचा चेहरा लावून जो विकतो, त्याने जुन्याची टिकाऊ वृत्तीही थोडी घ्यावी. सुटे भाग किती वर्षं पुरवणार, हे खोक्यावर छापावं. आकडे कोरायची एवढी हौस आहे तर हाही एक आकडा कोरावा.

'हे सगळं गतकाळाचं वेड आहे' असं म्हणणारे भेटतात. त्यांना दुकानात जाऊन बघायला सांगतो. या कॅमेऱ्यांभोवती गर्दी असते ती रोल कधीच न वापरलेल्या मुलामुलींची. त्यांना कसली आठवण येणार? दिवसभर काचेवर बोट घासून कंटाळलेल्या हातांना काहीतरी टक् करून जागेवर बसणारं हवं आहे. ही भूक खरी आहे, आणि म्हणूनच तिच्यासमोर खोटी डायल ठेवणं मला जास्त लागतं. जी मुलगी १/१२५ आणि १/२५० मधला फरक डायलवर शिकायला आली, तिला डायल एक आणि फोटो दुसरं सांगत असेल तर ती काय शिकेल? डायलकडे बघायचं नाही, हेच.

घ्यायचाच असेल तर दुकानात हे करून बघा. लिव्हर 'एम' वर न्या. मेनूत ऑटो आयएसओ बंद करा. लेन्सच्या रिंगला ॲपर्चरचं काम द्या, निदान हात योग्य जागी जाईल. मग स्क्रीन उलटी करून मिटून टाका. या कॅमेऱ्याची स्क्रीन बाजूला उघडते आणि पाठ आत करून बंद होते, ही फार चांगली सोय आहे. कॅमेरा बंद करा, दुकानाच्या दारात जा, उन्हाकडे बघून दोन डायली लावा, आत या, अंधाराकडे बघून पुन्हा लावा. मगच चालू करून डोळ्याला लावा. एक्स्पोजर जवळपास बरोबर निघालं आणि तुमच्या चेहऱ्यावर हसू आलं, तर हा कॅमेरा तुमचा आहे. ऑटोवरच ठेवणार असाल तर याच सेन्सरचे, याहून चांगल्या पकडीचे कॅमेरे कमी पैशात मिळतात. ते घ्या आणि उरलेल्या पैशात लेन्स घ्या.

निकॉनला सांगायचं ते थोडक्यात. पुढच्या कॅमेऱ्यावरून ती पी-एस-ए-एमची लिव्हर काढा. तिच्या जागी शटरच्या आणि आयएसओच्या डायलवर एफईसारखं 'ऑटो' कोरा. '१/३ स्टेप' ची जागा काढा. मधले टप्पे हवेत तर डायलवरच द्या. 'एसई' लेन्सवर आकडे असलेली, दोन्ही टोकांना थांबणारी ॲपर्चर रिंग बसवा. काळ्यापांढऱ्याची लिव्हर आहे तिथेच राहू द्या. आणि ते मायक्रोएसडी काढून तिथे दुसरं पूर्ण आकाराचं एसडी कार्ड बसेल अशी खाच द्या.